‘रेडिएशन किट’ची झडती: पिंप पास, पेंडंट नापास

‘न्यूक्लियर सर्व्हायवल किट’ या नावाने ऑनलाइन जी बॅग विकली जाते, तिच्यात साधारण सहा वस्तू निघतात. पांढरा डगला, मास्क, चिकटपट्टीसकट प्लास्टिकचा कागद, आयोडीनच्या गोळ्या, हातात मावणारा एक मीटर आणि बहुधा एखादं ‘संरक्षक’ कार्ड किंवा पेंडंट. यातलं थोडं उपयोगी आहे, थोडं चुकीच्या कामासाठी विकलं जातं आणि एक वस्तू तर घरात आणूच नये अशी आहे. घरात राहून अणुस्फोटानंतरच्या धुळीतून निभावायला खरं लागतं ते म्हणजे जाड भिंत, साठवलेलं पाणी आणि बातमी देणारा रेडिओ. बॅगेत या तिन्हींपैकी काहीच नसतं.

वस्तू तपासायच्या तर आधी फूटपट्टी हवी. स्फोट जमिनीलगत झाला तर माती-काँक्रीटचा चुरा आगीच्या गोळ्यात ओढला जातो, किरणोत्सारी होतो आणि रेतीसारखा, राखेसारखा खाली पडतो. ही धूळ छतावर, रस्त्यावर, झाडांवर बसते आणि तिथूनच गॅमा किरण फेकत राहते. ती घरात शिरली नाही तरी किरण भिंतीतून येतात. मात्र तिचा जोर झपाट्याने ओसरतो. वेळ सातपट झाला की तीव्रता दहापट उतरते. एखाद्या जागी स्फोटानंतर एका तासाने ताशी १ सिव्हर्ट (अंगावर येणाऱ्या माऱ्याचं एकक; त्याचा हजारावा भाग मिलिसिव्हर्ट, दहा लाखावा मायक्रोसिव्हर्ट) असेल तर ७ तासांनी ताशी १०० मिलिसिव्हर्ट, ४९ तासांनी १०, आणि दोन आठवड्यांनी १. त्या जागी पहिले दोन दिवस उघड्यावर काढले तर सुमारे २.७ सिव्हर्ट अंगावर येतात. माणूस आजारी पडायला हे भरपूर झालं, काही जण दगावतीलही. हेच दोन दिवस मारा चाळिसाव्या हिश्श्यावर आणणाऱ्या, म्हणजे ४० पट आडोसा देणाऱ्या जागेत काढले तर ७० मिलिसिव्हर्टच्या आतच राहतात. म्हणून कुठल्याही वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: पहिले अठ्ठेचाळीस तास आत राहायला ही मदत करते का?

मीटरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तिथेच होते.

पहिली फसवणूक अगदी सरळ आहे. ‘रेडिएशन डिटेक्टर’ असं लिहून जे विकलं जातं त्यातला बराच माल ईएमएफ मीटर असतो. मायक्रोवेव्ह, वायफाय, विजेच्या तारा यांचं क्षेत्र तो मोजतो. अणुधुळीच्या ढिगावर ठेवला तरी तो ढिम्म राहील. ओळखायचा कसा, तर पडद्यावरची एककं बघा. व्होल्ट प्रति मीटर, मायक्रोटेस्ला किंवा मिलिगॉस दिसलं की परत करा. मायक्रोसिव्हर्ट प्रति तास आणि ‘सीपीएम’, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ही दोन्ही हवीत.

खरा गायगर मीटर घेतला तर आत बहुतेक वेळा एम-४०११ किंवा जे-३०५ या जातीची काचेची नळी असते. ती ताशी १ मायक्रोसिव्हर्टला मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके देते. रोजच्या वापराला हे झकास. डेक्कनचा काळा पत्थर युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब, त्यामुळे महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात पार्श्वभूमी, म्हणजे एरवीही असणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग, कमीच असते. घरात मीटरने ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास दाखवलं तर तो नीट चाललाय असं समजा. घरच्या घरी परीक्षा घ्यायची असेल तर पेट्रोमॅक्सची जुनी थोरियमवाली जाळी नळीजवळ धरा, ठोके धडाधड वाढतील. नव्या जाळ्यांत थोरियम नसतंही, तेव्हा आकडा हलला नाही म्हणून लगेच मीटरला दोष देऊ नका. गावाकडे सोपा उपाय म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश या खताचं पोतं. पोटॅशियममध्ये मुळातच थोडं पोटॅशियम-४० असतं. मीटर पोत्याला टेकवून दहा मिनिटं मोजा, मग पोत्यापासून लांब दहा मिनिटं मोजा. फरक दिसलाच पाहिजे. मिनिटभर मोजून निष्कर्ष काढू नका. ठोके मुळात अनियमित पडतात, वीसचे तीस नुसत्या योगायोगाने होतात.

खोट आहे ती पल्ल्यात. या नळीच्या घरगुती मीटरांची मजल ताशी अर्ध्या-एक मिलिसिव्हर्टपर्यंत जाते आणि संपते. वरचं उदाहरण घ्या. सातव्या तासाला बाहेर १०० मिलिसिव्हर्ट आहेत आणि ४० पट आडोशाच्या आतही अडीच. म्हणजे ज्या दोन दिवसांसाठी मीटर घेतला त्यातला मोठा भाग त्याचा काटा शेवटाला जाऊन बसलेला. याहून वाईट म्हणजे नळी एक ठोका दिल्यावर क्षणभर मेलेली असते. मारा फार वाढला की तो क्षण संपायच्या आतच पुढचा कण येतो आणि काही स्वस्त मीटर तेव्हा आकडा खाली आणतात, कधी थेट शून्यावर. बाहेर नेलेला मीटर एकदम शांत झाला तर खुशाल समजू नका. आत या, आकडा पुन्हा चढतो का ते पाहा. चढला, तर बाहेर तो आंधळा झाला होता.

मग या मीटरचा उपयोग काय? दोन दिवसांनंतर भरपूर. घरातला कुठला कोपरा कमी मारा खातो हे शोधायला, बाहेरून आलेल्याचे बूट, केस, पिशवी तपासायला, डब्याचं झाकण पुसल्यावर स्वच्छ झालं का ते बघायला. ‘धुळीचा झाडू’ म्हणून मीटर चांगला, ‘बाहेर जाऊ का’ या प्रश्नाला निकामी. पैसे असतील तर घ्या, पण किटमधला सगळ्यात शेवटचा खर्च म्हणून. पेटीत ठेवताना बॅटरी काढून ठेवा. बदलता न येणारी लिथियम बॅटरी आत असेल तर तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा. ती फुगली की पडदाही फोडते.

मोठ्या पल्ल्याचे म्हणून अमेरिकेतली जुनी नागरी संरक्षणाची पिवळी यंत्रं विकायला येतात. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत ती हौसेने घेतलीही जातात. इथे दोन आकडे पाठ करा. सीडी व्ही-७०० हा गायगर, ताशी ५० मिलिराँटजेनपर्यंत (राँटजेन हे जुनं एकक), म्हणजे साधारण अर्धा मिलिसिव्हर्ट. त्यामुळे वरचीच अडचण. सीडी व्ही-७१५ हा आयनीकरण कक्षाचा, ताशी ५०० राँटजेनपर्यंत चार पट्ट्यांत मोजणारा. हाच खरा कामाचा. पण त्याची सगळ्यात नाजूक पट्टीसुद्धा अर्ध्या राँटजेनची, तेव्हा नेहमीच्या पार्श्वभूमीला तो काहीच दाखवत नाही. तो चालू आहे की मेलाय, हे घरात बसून कळायला मार्ग नाही. विकणारा ‘काटा शून्यावर येतो, म्हणजे चांगला’ असं सांगतो. त्यावरून फक्त बॅटरी ठीक आहे एवढं कळतं. कक्षाच्या रबरी सीलमधून दमट हवा आत गेली की गळती सुरू होते आणि काटा सरकत राहतो. प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याचा कागद नसेल तर ती शोभेची वस्तू.

आणि एक मीटर विकत मिळतच नाही, करावा लागतो. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात क्रेसन कर्नी यांनी तो तयार केला, म्हणून त्याचं नाव केएफएम, म्हणजे ‘कर्नी फॉलआउट मीटर’. आतून सुमारे ६५ मिमी रुंद आणि ७३ मिमी उंच पत्र्याचा डबा, आत बारीक दोऱ्यांवर टांगलेली ॲल्युमिनियम फॉइलची दोन पानं, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि त्यावर कागदी मोजपट्टी. प्लास्टिक घासून पानांना विद्युतभार द्यायचा, पानं एकमेकांपासून दूर होतात. किरणोत्सर्गाने डब्यातली हवा आयनीभूत होते, भार गळतो, पानं जवळ येतात. ठरावीक वेळात किती मिलिमीटर जवळ आली ते पाहून तक्त्यात ताशी किती राँटजेन ते वाचायचं. पल्ला ०.०३ ते ४३ राँटजेन, म्हणजे साधारण ०.३ ते ४३० मिलिसिव्हर्ट. नेमका तोच पट्टा जिथे विकतचा मीटर आंधळा असतो. बॅटरी नाही, कॅलिब्रेशन नाही. कल्पना म्हणून याला तोड नाही.

करून बघणाऱ्यांचे हात मात्र तीन ठिकाणी अडतात. एक, छपाई. मोजपट्टी आणि पानांचे साचे मूळ मापातच छापले पाहिजेत. प्रिंटरला ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की अमेरिकन कागदाचं माप ए-फोरवर बदलतं आणि सगळे आकडे चुकतात. छापल्यावर कागदावरच्या पट्टीला शाळेची फूटपट्टी लावून बघा. दोन, फॉइल. तक्ता आठ पदरी पानासाठी केलाय, तोही तिथल्या साध्या स्वयंपाकाच्या फॉइलच्या, साधारण १६ मायक्रॉन जाडीच्या. आपल्याकडच्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलवर बऱ्याचदा ११ मायक्रॉन छापलेलं असतं. तिची आठ पदरी पानं हलकी होतात, जास्त फाकतात आणि तक्ता खोटं बोलतो. जाडी वाचून पदर वाढवा म्हणजे पानाचं वजन जुळेल. तीन, आणि हीच खरी डोकेदुखी, दमटपणा. डब्यातली हवा कोरडी नसेल तर भार आपोआप गळतो आणि किरणोत्सर्ग नसतानाही पानं मिटतात. त्यासाठी तळाशी निर्जल जिप्समचे खडे टाकायचे. फॉल्स सिलिंगवाल्याकडे जिप्सम बोर्डाचे तुकडे फुकट मिळतात. कागद सोलून हरभऱ्याएवढे तुकडे करायचे, ओव्हनमध्ये २०० अंशांना तासभर भाजायचे आणि गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचे. मुंबई-रत्नागिरीत श्रावणात बरणी उघडी ठेवून चहा प्यायला गेलात तर परत भाजा. पुण्यात, विदर्भात जानेवारी ते मे हा डबा छान चालतो. कोकणात त्याची परीक्षा पावसाळ्यातच घ्यावी, नाहीतर पास-नापास कळायचं नाही. धीर असेल त्याने करावा. सायरन वाजल्यावर बनवायची ही वस्तू नाही.

मात्रा साठवून दाखवणारी जी रंग बदलणारी कार्डं असतात, ती निळी पडली की एकूण किती खाल्लं ते कळतं. कल्पना चांगली, पण ती फ्रीझरमध्ये ठेवायची, मुदत संपायच्या आत वापरायची. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं कार्ड विश्वासाचं नाही.

आता गोळी. बॅगेवर तिला ‘अँटी-रेडिएशन टॅब्लेट’ म्हटलेलं असतं आणि तिथेच गोची आहे. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइडला वाचवतं, तेही फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून, आणि तेही वेळेत घेतलं तरच. ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकायची म्हणजे विषारी आयोडीनला जागा उरत नाही. छतावरच्या धुळीचे गॅमा, सीझियम, स्ट्रॉन्शियम यांच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. गोळी घेऊन गच्चीवर धूळ झाडायला जाणारा माणूस गोळी न घेता आत बसलेल्यापेक्षा कितीतरी जास्त मरणाजवळ असतो.

मात्रा: १२ वर्षांवरच्यांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षं ६५, महिना ते तीन वर्षं ३२, महिन्याच्या आतल्या बाळाला १६. पाकिटावर आयोडाइडऐवजी आयोडेट लिहिलं असेल तर १३० च्या जागी १७०. दोन्हींत आयोडीन १०० मिलिग्रॅमच असतं. गरम-दमट हवेत आयोडेट जास्त टिकतं, मात्र पोटाला जरा जास्त टोचतं. वेळ: आयोडीन यायच्या आधीच्या चोवीस तासांत, किंवा आल्यावर दोन तासांच्या आत. आठ तासांपर्यंत काही तरी पदरात पडतं. चोवीस तासांनंतर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. आधी गर्भवती आणि स्तनदा, लहान मुलं, मग तरुण. चाळिशीवरच्यांना लाभ कमी आणि थायरॉइड बिघडायचा धोका अधिक. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा आजार असेल तर डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. ‘घ्या’ ही सूचना प्रशासनाकडून आल्याशिवाय घेऊ नये.

गोळी कामाची कुठे ठरते? अणुभट्टीच्या अपघातात. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर पोलंडने सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना आणि ७० लाख प्रौढांना आयोडीन दिलं होतं आणि गंभीर त्रास फार थोड्यांना झाला. तारापूरच्या परिसरात, जिथे १९६९पासून अणुभट्ट्या चालतात, तिथल्या घरांना ही गोळी माहीत असणं शहाणपणाचं. आणीबाणी नियोजनाचं क्षेत्र तिथे १६ किलोमीटरचं धरतात. बॉम्बच्या बाबतीत मात्र पहिला वैरी बाहेरून येणारा गॅमा. म्हणून किटमध्ये गोळीला पहिली जागा देणारा विक्रेता आपल्याला भलत्याच संकटाची तयारी विकतोय.

पर्याय म्हणून जे सुचवलं जातं त्यातलं एकही चालत नाही. आयोडीनयुक्त मिठात किलोला १५ मिलिग्रॅम आयोडीन धरलं तर एका मात्रेसाठी पावणेसात किलो मीठ खावं लागेल. जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन पिणं म्हणजे विष. आणि थायरॉइडची रोजची जी गोळी बऱ्याच घरांत सकाळी उपाशीपोटी घेतली जाते, ती संप्रेरक आहे, आयोडीनची गोळी नव्हे. ती वाटून घेऊ नका. घरातल्या ज्यांना ती लागते त्यांच्यासाठी महिनाभराची जास्त ठेवा, ते जास्त महत्त्वाचं. पाकीट घेताना फॉइल बंद आहे ना ते पाहा. पिवळट पडलेली गोळी म्हणजे आत ओल शिरून आयोडीन सुटलेलं. आणि चेर्नोबिलच्या मुलांचं नुकसान मुख्यतः दुधातून झालं, हे लक्षात ठेवून दूध पावडरचा डबा गोळीच्या शेजारी ठेवा. गोठ्यातलं ताजं दूध काही आठवडे बंद.

डगला, मास्क, प्लास्टिक यांचा निकाल पटकन. डगला धूळ अडवतो, गॅमा नाही. रेनकोट आणि प्लास्टिकची टोपी तेच काम करतात आणि धुवून परत वापरता येतात. एन-९५ मास्क चांगला, घरी माणशी चार ठेवा. ‘लष्करी’ म्हणून विकले जाणारे जुने सोव्हिएत जीपी-५ मास्क घेऊ नका, त्यांच्या गाळण्यांत ॲस्बेस्टॉस आढळलेलं आहे. प्लास्टिकने खोली हवाबंद करायचा सल्ला रासायनिक हल्ल्यासाठी आहे, काही तासांपुरता. अणुधुळीला तो लागू केला आणि चार माणसं दोन दिवस त्यात कोंडली तर धुळीआधी कार्बन डायऑक्साइड गाठेल. खिडक्या-दारं बंद, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद, फॅनच्या भोकाला आणि न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या खिडकीला वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी, दाराखाली ओलं फडकं. बस. चिकटपट्टीचं रीळ घ्या, कागद रद्दीत आहेच. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर मुळीच नको.

आणि ते पेंडंट. ‘स्केलर एनर्जी’, ‘निगेटिव्ह आयन’ वगैरे नावांनी ही काळी लोलकं साखळी पद्धतीने घरोघर विकली गेली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ‘५जी’पासून वाचवतो म्हणणारी अशी दहा उत्पादनं तपासली. ती स्वतःच किरणोत्सारी निघाली आणि वापरू नका असा इशारा देण्यात आला. खनिज भुकटीतल्या थोरियममुळे असं होतं. घरात असेल तर मीटरला लावून बघा, पोटॅशच्या पोत्यापेक्षा चांगली परीक्षा होईल.

आता बॅगेबाहेरचा माल, ज्यावर हे परीक्षण खरं तर उभं आहे.

भिंत विकत मिळत नाही, पण ओळखता येते. गॅमा निम्मा करायला काँक्रीट सुमारे ६ सेंटिमीटर लागतं, दाबलेली माती ९, पाणी १८. जुन्या इमारतीची नऊ इंची विटांची भिंत मारा आठव्या हिश्श्याच्या जवळपास आणते. पाच इंची स्लॅब पाव करतो. नव्या टॉवरमध्ये दोन प्रकार आढळतात. मायव्हान पद्धतीने ओतलेल्या आरसीसी भिंती, साधारण १५ सेंटिमीटरच्या, बऱ्या. सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंती दिसायला तेवढ्याच जाड, पण वजन काँक्रीटच्या पाव; १५ सेंटिमीटर सिपोरेक्स म्हणजे जेमतेम ४ सेंटिमीटर काँक्रीट. खिळा सहज शिरत असेल तर त्या भिंतीच्या भरवशावर राहू नका, जिन्याच्या आणि लिफ्टच्या गाभ्याकडे सरका. उंच इमारतीत मधले मजले चांगले: वरच्या गच्चीवरची धूळ आणि खालच्या अंगणातली धूळ दोन्हींपासून दूर. वरचे दोन-तीन मजले टाळा. ‘रेफ्यूज’ मजला नावाने फसवतो. तो आगीसाठी आहे, बाजूंनी उघडा, वारा धूळ आत आणून टाकतो. मंगलोरी कौलांच्या घरात आडोसा जवळजवळ नाहीच. तिथे शेजारच्या स्लॅबच्या घराशी आज बोलून ठेवणं हीच तयारी. स्फोटापासून दूर असाल तर धूळ खाली यायला दहा-पंधरा मिनिटं तरी मिळतात, दूर गावाला तास. वारा कुठला, हे गच्चीवरच्या झेंड्यावरून ठरवू नका. धूळ काही किलोमीटर उंचावरून येते आणि पावसाळ्यात आपल्या डोक्यावर खालचा वारा पश्चिमेचा आणि फार वरचा पूर्वेचा असतो.

दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप. या यादीतली सगळ्यात चांगली खरेदी. माणशी दिवसाला ४ लिटर धरलं तर चौघांना १४ दिवसांना २२४ लिटर, म्हणजे एक पिंप आणि वर एक कॅन. शिवाय पिंपाचा व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास. तेवढं पाणी मारा आठव्या हिश्श्याच्या घरात आणतं. बाहेरच्या भिंतीला तीन पिंपं लावली की पाणीही आणि तटबंदीही. पण वजन विसरू नका. भरलेलं पिंप २०० किलोच्या वर, आणि घरातल्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून आखलेला असतो. पिंपाच्या बुडाची जागा चौरस मीटरच्या तिसऱ्या भागाएवढीही नाही. म्हणजे पिंपं भिंतीलगत, तुळईवर, एकमेकांपासून सुटी. खोलीच्या मध्ये नाही, सज्जात नाही, जुन्या चाळीच्या लाकडी तक्तपोशीवर तर मुळीच नाही.

घेताना ‘फूड ग्रेड’ शिक्का आणि आधी आत काय होतं ते विचारा. भंगारवाल्याकडची पिंपं केमिकलची असतात आणि वास तीनदा धुऊनही जात नाही. लोणच्याचं किंवा सरबताच्या पाकाचं मिळालं तर उत्तम. रुंद तोंड, लोखंडी कडीचं झाकण, आतलं रबर शाबूत. नळ लावायचा तर बुडापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ खालीच राहतो. पाणी सहा महिन्यांनी बदला.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण बंद असेल तर आतलं पाणी पिण्याजोगं आहे. किरण आरपार गेले म्हणून पाणी किरणोत्सारी होत नाही. धूळ आत पडली तरच पंचाईत. पंप बंद करा आणि टाकी जपून वापरा. गीझरमधलं पाणीही मोजायला विसरू नका. उकळून किरणोत्सार जात नाही. आरओ बराचसा काढतो, पण त्याला वीज आणि दाब लागतो, वर निम्मं पाणी मोरीत.

रेडिओ: बॅटरीवर चालणारा, मीडियम वेव्ह असलेला. नुसता एफएमचा नको, एफएमचा पल्ला छोटा. मोबाइलमधला एफएम हेडफोनच्या वायरीवाचून लागतच नाही. ७ मे २०२५ला नागरी संरक्षणाच्या तालमीत सायरन वाजले, पण सायरन फक्त ‘आत जा’ एवढंच सांगतो. ‘बाहेर या’ सांगायला आवाज लागतो. दुपारी आणि रात्री आपल्या खोलीत कुठलं आकाशवाणी केंद्र लागतं ते पाहून आकडा सेटच्या पाठीवर चिकटवा. आरसीसीच्या गाभ्यात मीडियम वेव्ह खरखरतो, तेव्हा सेट खिडकीशी दोन मिनिटं नेऊन ऐकायचा. सेल वेगळ्या पुडीत ठेवा, आत राहिले की वर्षभरात पाझरतात. हाताने फिरवायचे सेट छान दिसतात, पण त्यांची आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते. साधे सेल टाकता येतील असाच घ्या.

बाहेर सापडलेला माणूस आत येणार असेल तर दारातच वरचे कपडे उतरवायचे. किरणोत्सारी धुळीचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग तिथेच निघून जातो. कपडे दुहेरी पिशवीत, पिशवी लांब. साबण आणि शाम्पूने हलक्या हाताने अंघोळ, त्वचा घासून लाल करायची नाही. कंडिशनर नको, तो धूळ केसांना धरून ठेवतो. तेल लावलेल्या केसांना शाम्पू दोनदा. पाणी नसेल तर ओल्या फडक्याने पुसा, फडकंही पिशवीत.

उरली एक वस्तू, जी कुठल्याच बॅगेत नसते आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यात आधी आठवते. नळाला पाणी नसताना चार माणसांचा संडास. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली, आत काळी कचऱ्याची पिशवी, वर दर वेळी मूठभर लाकडाचा भुसा किंवा चुना. भुसा सुताराकडे पोत्याने मिळतो. बादली घेताना झाकण दोन्ही हातांनी दाबून बघा. चारी बाजूंनी टक्क आवाज आला तर घ्या, एका बाजूने नुसतं बसलं तर दुसरी मागा.